उमेदवाराचा कारभाराचा अनुभव कसा तपासावा : पद, सही आणि कालावधी

निवडणूक जवळ आली की प्रत्येक प्रचारपत्रकावर उमेदवाराच्या नावाखाली ‘माजी महापौर, माजी सभापती, माजी संचालक’ अशी ओळ छापलेली दिसते आणि मतदार त्या ओळीतील ‘माजी’ हा शब्द किती वेळा आला ते मोजून अनुभवाची तुलना करतात. ही पद्धत चुकीची आहे. पद भूषवणे आणि कारभार चालवणे या आपल्या व्यवस्थेत पुष्कळदा वेगळ्या गोष्टी असतात. कारभाराचा अनुभव म्हणजे निर्णय घेणे, पैसा खर्च करणे, माणसांकडून काम करून घेणे आणि चुकल्यास स्वतः जबाबदार धरले जाणे. या चार गोष्टी उमेदवाराने कोठे, किती काळ आणि किती मोठ्या प्रमाणावर केल्या, हे शोधण्याचा क्रम पुढे दिला आहे. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातील स्थानिक संस्था आणि विधानसभा यांची आहेत.

## तयारी : प्रचार सुरू होण्यापूर्वी

सर्वांत मोठी चूक वेळेची होते. उमेदवारी अर्ज भरले गेल्यावर शोध सुरू केला, तर हाती फक्त भाषणे आणि पत्रके लागतात. माहितीच्या अधिकाराखाली उत्तर देण्यासाठी कार्यालयाला ३० दिवसांची मुदत असते आणि उमेदवारांची अंतिम यादी जाहीर झाल्यापासून मतदानापर्यंत तेवढे दिवस मिळत नाहीत. म्हणून आरक्षणाची सोडत निघाली की इच्छुकांची नावे गृहीत धरून अर्ज टाकावेत. गावात कोण उभे राहणार याची कुजबुज त्याआधीच सुरू झालेली असते. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, आणि त्यासाठी १० रुपये शुल्क असते. तीन संस्थांची माहिती हवी असेल, तर तीन अर्ज करावेत.

दुसरी तयारी वहीची. प्रत्येक उमेदवारासाठी एक पान घ्यावे आणि त्यावर सात रकाने आखावेत : पद, संस्था, कधीपासून कधीपर्यंत, नेमणूक की निवडणूक, सहीचा अधिकार कशावर, संस्थेची वार्षिक उलाढाल, आणि पुरावा. शेवटचा रकाना रिकामा राहिला, तर ती नोंद दावा समजावी. दावा आणि नोंद यांसाठी दोन वेगळ्या रंगांच्या शाई वापरल्या, तर नंतर गोंधळ होत नाही.

सावधान : उमेदवाराचे शपथपत्र वाचणे आवश्यक आहे, परंतु त्यात अनुभव शोधू नये. विधानसभा व लोकसभेसाठी भरावयाच्या नमुना २६ मध्ये गुन्हेगारी प्रकरणे, मालमत्ता, देणी, व्यवसाय आणि शिक्षण यांची माहिती असते. पूर्वी कोणती पदे सांभाळली आणि तेथे काय केले, हे त्यात विचारलेलेच नसते. शपथपत्राचा उपयोग उलट दिशेने होतो : एखाद्या संस्थेतील कामकाजावरून गुन्हा दाखल असेल किंवा सरकारी देणे थकलेले असेल, तर ते तेथे सापडते.

## टप्पा १ : ज्या पदासाठी मत द्यायचे आहे, ते आधी समजून घ्या

अनुभव हा कोणत्या कामासाठी हवा आहे, हे ठरवल्याशिवाय तुलना करता येत नाही. सरपंच आणि नगराध्यक्ष यांना कारभार करायचा असतो. आमदार आणि खासदार यांचे मूळ काम कायदे करणे आणि सरकारला जाब विचारणे हे आहे. मंत्री झाल्यासच त्यांच्याकडे कारभार येतो. घटनेच्या १६४व्या कलमानुसार मंत्रिमंडळाचा आकार विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित असल्यामुळे २८८ जागांच्या महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त ४३ मंत्री होऊ शकतात. म्हणजे बहुसंख्य आमदार पाच वर्षे कार्यकारी अधिकाराशिवायच काढतात आणि त्यात त्यांचे काही उणे नाही.

त्यामुळे आमदारकीच्या उमेदवारांत कारभाराचा अनुभव हा अनेक निकषांपैकी एक ठेवावा, आणि नगराध्यक्षपदाच्या उमेदवारांत तो पहिल्या दोन-तीन निकषांत घ्यावा. हा भेद न करता दोन्हीकडे एकच मोजपट्टी लावली जाते.

## टप्पा २ : कालरेषा आखा

आता प्रत्येक पदाची सुरुवात आणि शेवट यांच्या तारखा लिहा. वर्ष पुरेसे नाही, महिना हवा. ‘माजी सभापती’ या शब्दांमागे पाच वर्षेही असू शकतात आणि सव्वा वर्षही. सदस्यांमधून निवडल्या जाणाऱ्या पदांवर सव्वा-सव्वा वर्षाची वाटणी आणि ‘ठरल्याप्रमाणे राजीनामा’ हा प्रकार आपल्याकडे नेहमीचा आहे. गोव्यात सरपंच थेट जनतेतून निवडला जात नाही, पंच त्याची निवड करतात. त्यामुळे तेथील वाचकांनी एकाच कार्यकाळात सरपंच किती वेळा बदलला हे जरूर पाहावे. महाराष्ट्रात थेट निवडीची पद्धत सरपंचासाठी २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. थेट निवडून आलेला सरपंच आणि सदस्यांच्या मतांवर टिकून राहावे लागणारा सरपंच यांच्या हातातील मोकळीक सारखी नसते, म्हणून ‘नेमणूक की निवडणूक’ या रकान्यात निवडीची पद्धतही लिहावी.

सावधान : प्रशासकाचा काळ कालरेषेवर वेगळ्या रंगाने दाखवा. मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि त्यानंतर कारभार प्रशासक म्हणून आयुक्तांकडे गेला. राज्यातील इतर अनेक महानगरपालिका, नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदा यांचीही हीच स्थिती होती. या काळात पूर्ण झालेल्या रस्त्यावर माजी नगरसेवकाने स्वतःचे नाव लावले असेल, तर मंजुरी त्याच्या कार्यकाळातील आहे काय, एवढेच तपासण्यासारखे राहते. त्याचप्रमाणे या काळातील दुरवस्थेचा सगळा दोषही त्याच्या माथी मारता येत नाही.

## टप्पा ३ : सही कोणाची होती, ते शोधा

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून येथे घाई करू नये. प्रत्येक पदापुढे एकच प्रश्न लिहावा : या व्यक्तीच्या सहीशिवाय कोणते काम अडत होते?

सरपंच. ग्रामपंचायत कायद्यानुसार कार्यकारी अधिकार सरपंचाकडे असतो आणि ग्रामपंचायतीच्या बँक खात्यावर सरपंच व ग्रामसेवक (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) यांची संयुक्त सही लागते. ई-ग्रामस्वराज प्रणालीतून होणाऱ्या देयकांसाठी दोघांच्याही डिजिटल सह्या लागतात. म्हणजे चार हजार वस्तीच्या गावाचा सरपंच हा शब्दशः कारभारी असतो. मोठ्या शहराच्या निवडणुकीत हा अनुभव हसण्यावारी नेला जातो, ते बरोबर नाही.

महापौर. आपल्याकडील महापौराला अमेरिकेतील शहराच्या मेयरच्या जागी बसवून विचार केला जातो आणि तेथूनच घोटाळा सुरू होतो. महानगरपालिकेत कार्यकारी अधिकार कायद्याने आयुक्तांकडे असतो. महापौर सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान भूषवतो, सभेचे कामकाज चालवतो आणि शहराचा प्रथम नागरिक म्हणून मान मिळवतो. मोठ्या निविदांना मंजुरी देणे आणि आयुक्तांनी मांडलेल्या अंदाजपत्रकावर हात फिरवणे ही कामे स्थायी समितीची. त्यामुळे पैशाच्या निर्णयांचा अनुभव मोजायचा असेल, तर वर्षभर स्थायी समितीचे अध्यक्षपद सांभाळलेला नगरसेवक अडीच वर्षे महापौर राहिलेल्या नगरसेवकापेक्षा पुढे असू शकतो.

नगराध्यक्ष. येथे चित्र मधले आहे. सभेचे आणि स्थायी समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे असते, आर्थिक व प्रशासकीय कामावर देखरेखीचा अधिकार असतो. परंतु रोजचा कारभार शासनाने नेमलेला मुख्याधिकारी चालवतो. या दोघांचे पटत नसेल, तर पाच वर्षे केवळ पत्रव्यवहारात जातात. नगराध्यक्षाच्या काळात किती मुख्याधिकारी बदलले, हा साधा आकडा पुष्कळ काही सांगतो. मात्र तो सांगतो ते दोन्ही बाजूंनी वाचावे लागते, कारण बदल्या वरूनही होतात.

मंत्री. शासन निर्णयावर मंत्र्याची सही नसते. तो राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने निघतो आणि खाली सही सचिव, उपसचिव किंवा अवर सचिव यांची असते. म्हणून ‘हा निर्णय मी घेतला’ या दाव्याची तपासणी करताना शासनाच्या संकेतस्थळावर तो निर्णय शोधून त्याची तारीख घ्यावी आणि त्या दिवशी ते खाते कोणाकडे होते हे जुळवावे. राज्यमंत्र्याकडे फक्त कॅबिनेट मंत्र्याने सोपवलेले विषय असतात. काही राज्यमंत्र्यांकडे फाइलच येत नाही, अशी तक्रार प्रत्येक सरकारच्या काळात ऐकू येते.

‘दर्जा’ असलेली पदे. विरोधी पक्षनेत्याला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा असतो, काही महामंडळांच्या अध्यक्षांनाही मंत्रिपदाचा दर्जा दिला जातो. दर्जा म्हणजे गाडी, निवास आणि शिष्टाचारातील स्थान. विरोधी पक्षनेतेपद हा मोठा संसदीय अनुभव आहे, पण तो कारभाराचा अनुभव नव्हे. महामंडळाच्या बाबतीत त्याला स्वतःचा निधी, कर्मचारी आणि कार्यालय होते काय, ते पाहून मगच नोंद करावी.

आमदार-खासदार निधी. हा सर्वांत फसवा रकाना आहे. ‘माझ्या निधीतून सभामंडप’ अशा पाट्या गावोगाव लागलेल्या असतात. परंतु खासदार किंवा आमदार केवळ कामाची शिफारस करतो. मंजुरी, निविदा आणि देयके जिल्हा प्रशासनाकडून होतात. शिफारस करणे हा कारभार नव्हे. तुलना करायचीच असेल, तर काळाचे भान ठेवावे : खासदार निधी एरवी वर्षाला ५ कोटी रुपये असतो, पण करोनामुळे २०२०-२१ मध्ये तो थांबवण्यात आला आणि २०२१-२२ मध्ये वर्षाच्या उत्तरार्धासाठी २ कोटीच देण्यात आले. २०१४ ते २०१९ चा खासदार आणि २०१९ ते २०२४ चा खासदार यांच्या कामांची नुसती संख्या शेजारी ठेवणे म्हणूनच अन्यायाचे होते.

पडताळणी : या टप्प्याच्या शेवटी प्रत्येक पदापुढे तीनपैकी एक अक्षर लिहा. स्वतःच्या सहीने निर्णय होत असेल तर ‘क’ म्हणजे कारभार, देखरेख किंवा मंजुरी असेल तर ‘द’, आणि शिफारस किंवा मान एवढाच भाग असेल तर ‘म’. वहीतील दोन पाने आता पहिल्यापेक्षा बरीच वेगळी दिसू लागतील.

सावधान : पद कोणी भूषवले आणि कारभार कोणी पाहिला, हा प्रश्न महिला राखीव जागांवर हटकून निघतो. सरपंचाच्या खुर्चीशेजारी बसणाऱ्या पतीचे नाव पत्रकावर ‘गावाचा अनुभवी कारभारी’ म्हणून येत असेल, तर त्याच्या पानावर शून्य लिहावे. कायद्याने त्याच्याकडे काहीच नव्हते. उलट बाईंच्या नावावरचा अनुभव ‘ते तर नावालाच’ म्हणून आपणच खोडू नये. मासिक सभेचे इतिवृत्त मिळवून त्या हजर होत्या काय, ठराव कोणी मांडला आणि चर्चेत त्यांचे नाव किती वेळा येते, ते पाहावे.

## टप्पा ४ : एखादेच काम घ्या आणि त्याची कागदे क्रमाने लावा

उमेदवाराच्या कार्यअहवालात शंभर कामे असतात. ती सर्व तपासण्याच्या नादी लागू नये. त्याने स्वतः सर्वांत ठळक छापलेली दोन कामे निवडावीत आणि त्यांचा प्रवास लावावा.

सार्वजनिक कामाचा क्रम साधारणपणे असा असतो : अंदाजपत्रकात तरतूद, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप व देयके, आणि शेवटी पूर्णत्वाचा दाखला. भूमिपूजन या यादीत नाही, हे लक्षात घ्यावे. ते कार्यारंभ आदेशाच्या आधीही उरकले जाते आणि काही वेळा आचारसंहिता लागण्याच्या आदल्या दिवशीही. प्रत्येक कागदाची तारीख टप्पा २ मधील कालरेषेवर ठेवली की, कोणाच्या काळात काय झाले ते आपोआप दिसते.

मोठ्या प्रकल्पांत तर एकाच माणसाने ‘मी केले’ म्हणणे जवळजवळ अशक्य असते. मुंबईच्या अटल सेतूचे भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झाले आणि तो जानेवारी २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. या काळात राज्याने तीन मुख्यमंत्री पाहिले. अशा कामात श्रेय विचारण्याऐवजी टप्पा विचारावा : निविदा कोणी मार्गी लावली, अडलेली परवानगी कोणी मिळवली, काम रखडले तेव्हा खाते कोणाकडे होते?

पडताळणी : काम पूर्ण झाले असे सांगितले जात असेल, तर पूर्णत्वाच्या दाखल्याची मागणी करा आणि स्वतः जाऊन पाहा. पाण्याची टाकी उभी असते, पण तिला जोडणारी नळवाहिनी पुढच्या योजनेत असते, हा प्रकार दुर्मीळ नाही.

## टप्पा ५ : पैशाचे तीन आकडे काढा

अंदाजपत्रकाचा आकार हा अनुभवाचा पुरावा नाही. हवेत ते तीन आकडे : मूळ तरतूद, सुधारित तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च. हे तिन्ही संस्थेच्या पुढच्या एक-दोन वर्षांच्या अंदाजपत्रकात शेजारी-शेजारी छापलेले असतात. तरतूद मोठी आणि खर्च निम्मा, असे सलग तीन वर्षे दिसले, तर नियोजन किंवा अंमलबजावणी यांपैकी काहीतरी कच्चे होते. त्यासोबत मालमत्ता कराची मागणी आणि वसुली पाहावी. चालू आणि थकबाकी वेगवेगळी घ्यावी, कारण जुनी थकबाकी मिसळली की टक्केवारी खाली दिसते. ग्रामपंचायतीत वित्त आयोगाचा बंधित निधी कशावर खर्च करायचा हे आधीच ठरलेले असते, म्हणून सरपंचाची निवड दिसते ती अबंधित निधीत आणि गावाच्या स्वतःच्या उत्पन्नात.

मग स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल काढावा. आक्षेप असणे ही नवलाची गोष्ट नाही, ते प्रत्येक संस्थेत असतात. पाहायचे ते हे की आक्षेप किती जुने आहेत आणि त्यांची पूर्तता झाली काय.

सावधान : नियम बदलल्यामुळे बदललेले आकडे उमेदवाराच्या खात्यावर टाकू नका. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईतील जकात बंद होऊन तिच्या जागी शासनाची भरपाई आली; त्याच्या अलीकडच्या व पलीकडच्या वर्षांचे उत्पन्न थेट जुळवता येत नाही. क्रमवारीचेही तसेच आहे. स्वच्छ सर्वेक्षणात २०१६ मध्ये ७३ शहरे होती आणि २०१७ मध्ये ४३४. ‘शहर घसरले’ असे म्हणण्यापूर्वी स्पर्धक किती वाढले, ते पाहायला हवे.

## टप्पा ६ : सहकार, संस्था, व्यवसाय आणि नोकरी

महाराष्ट्रात कारभाराचे खरे प्रशिक्षण पुष्कळदा सरकारबाहेर होते : साखर कारखाना, जिल्हा बँक, बाजार समिती, दूध संघ, शिक्षणसंस्था. हा अनुभव जमेस धरावा. मात्र त्यालाही टप्पा ३ मधील सहीचा प्रश्न लावावा. संचालक आणि अध्यक्ष यांत फरक आहे, आणि रोजचा कारखाना कार्यकारी संचालक चालवतो.

कारखान्याच्या अध्यक्षासाठी एक चांगली कसोटी उपलब्ध आहे. उसाची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला किमान भाव, ऊस कारखान्यात पोचल्यापासून १४ दिवसांत देणे बंधनकारक असते आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज लागते. त्याच्या कार्यकाळातील हंगामांत ती वेळेवर मिळाली काय, साखर आयुक्तांनी थकबाकीपोटी महसुली वसुलीचे आदेश काढले होते काय, कामगारांचे पगार किती महिने थकले, ही माहिती सभासदाकडे असतेच. वार्षिक अहवालातील लेखापरीक्षण वर्ग पाहावा, आणि सहकार कायद्याच्या ८३व्या कलमाखाली चौकशी किंवा ८८व्या कलमाखाली जबाबदारी निश्चित करण्याची कारवाई झाली होती काय, ते विचारावे. चौकशी सुरू असणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे. वहीत ती ‘चौकशी’ म्हणूनच लिहावी, आणि ती कोणत्या सरकारच्या काळात सुरू झाली आणि कोणत्या काळात थंडावली, याचीही तारीख घ्यावी.

निवृत्त अधिकाऱ्याला ‘क’ अक्षर सहज मिळते. त्याच्या पानावर एक वेगळी नोंद करावी : त्याने आदेश देऊन कामे करून घेतली आहेत, मते मिळवून किंवा विरोधी सदस्यांना राजी करून नव्हेत. व्यावसायिकाबाबत हाच मुद्दा जरा निराळा येतो. स्वतःचा पैसा वापरण्याची सवय आणि निविदेच्या नियमांत बसून लोकांचा पैसा वापरण्याची सवय या भिन्न आहेत.

## टप्पा ७ : पाने शेजारी ठेवा

आता तुलना करा, पण गुणांची बेरीज करू नका. बेरीज केली की पाच ‘म’ मिळून एका ‘क’ला हरवतात. आधी फक्त ‘क’ नोंदी घ्या आणि त्यांचे महिने मोजा. मग त्या संस्थांची उलाढाल व कर्मचारीसंख्या पाहा. त्यानंतरच ‘द’ नोंदींकडे वळा.

समजा, नगराध्यक्षपदासाठी तीन उमेदवार आहेत : दोनदा निवडून आलेली आणि दीड वर्ष बांधकाम समितीची सभापती राहिलेली नगरसेविका, दहा वर्षे कारखान्याचा संचालक आणि त्यांतील तीन वर्षे अध्यक्ष असलेला पुढारी, आणि शेजारच्या गावचा थेट निवडून आलेला माजी सरपंच, जो आता शहरात राहतो. पत्रकावर पुढारी सर्वांत वजनदार दिसतो. वहीत मात्र त्याची दहा वर्षे तीनवर येतात, नगरसेविकेच्या दहा वर्षांतील बहुतेक काळ ‘द’ ठरतो, आणि सरपंचाची पाच वर्षे पूर्ण ‘क’ राहतात. फक्त त्याच्या संस्थेची उलाढाल कारखान्याच्या तुलनेत अगदी लहान असते. येथे यंत्रवत उत्तर नाही. शहराला पुढच्या पाच वर्षांत मोठी पाणीयोजना राबवायची असेल, तर मी मोठ्या आर्थिक व्यवहाराचा अनुभव वर धरीन. रोजची सफाई आणि करवसुली हीच दुखणी असतील, तर सरपंच.

ज्याचे पान कोरे आहे, त्याच्यापुढे शून्य न लिहिता ‘नोंद नाही’ असे लिहावे. देवेंद्र फडणवीस २०१४ मध्ये आणि उद्धव ठाकरे २०१९ मध्ये प्रथम मुख्यमंत्री झाले, तेव्हा दोघांनीही त्यापूर्वी मंत्रिपद सांभाळलेले नव्हते. फडणवीस यांच्या पानावर नागपूरचे महापौरपद आणि आमदारकी होती, ठाकरे यांच्या पानावर कोणत्याही सभागृहाचे सदस्यत्व नव्हते. वर दिलेल्या रीतीने त्या दिवशी पाने भरली असती, तर शासनातील ‘क’ एकाच्याही नावापुढे आला नसता. आज दोघांच्याही पानांवर पडताळण्याजोग्या नोंदी आहेत.

शेवटच्या दोन पडताळण्या : प्रचारफेरीत उमेदवार दारी आला की मोघम प्रश्न विचारू नये. ‘तुमच्या काळात तुम्ही स्वतः फिरवलेला किंवा नाकारलेला एक प्रस्ताव सांगा, आणि तो का नाकारला ते सांगा’ असे विचारावे. खरोखर कारभार केलेल्या माणसाला असा प्रसंग लगेच आठवतो आणि तो रकमेसह सांगतो. नुसते पद भूषवलेला विकासावर बोलू लागतो. त्यानंतर आपली वही विरुद्ध उमेदवाराला मत देणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याला वाचायला द्यावी. आपल्या पसंतीच्या उमेदवाराच्या पानावर पुराव्याचा रकाना रिकामा ठेवून आपण कोठे ‘क’ लिहिला आहे, हे त्याला पहिल्या वाचनात सापडते.